नवे पत्ते, जुन्या तारा

नंदुरबारहून दोंडाईच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रनाळे लागतं. तिथे जिओचं सिम घातलेला कोणताही अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा आणि सेटिंग्जमध्ये जाऊन फोनची माहिती देणारं पान उघडा. आयपी पत्त्यासमोर आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली, मधेमधे विसर्गासारखी दोन टिंबं असलेली एक लांबलचक ओळ दिसेल. बहुधा ती २४०९ या आकड्यांनी सुरू होईल. एअरटेलचं सिम असेल तर २४०१ ने. हा आयपीव्ही-६ चा, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीचा पत्ता.

या आवृत्तीचा पहिला आराखडा स्टीव्ह डिअरिंग आणि बॉब हिंडेन यांच्या नावाने डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला तीस वर्षं झाली. तरीही गूगलकडे जगभरातून येणाऱ्या लोकांपैकी जवळपास निम्मेच या नव्या पत्त्यावरून येतात. भारतात हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे रनाळ्यातला कापूस पिकवणारा शेतकरी, त्याच्या गावीही नसताना, इटली-स्पेनमधल्या बहुतेकांच्या पुढे आहे. पण त्याच शेतकऱ्याने घरी केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं, तर तो पुन्हा १९८१ च्या व्यवस्थेत जाऊन बसण्याची शक्यता मोठी. एकाच माणसाचा फोन पुढे आणि घरची तार मागे, ही विसंगती नीट पाहिली की हा बदल जगभर का रखडला, तो कुठे पुढे सरकला आणि उशिराची किंमत कोण मोजतं, हे तिन्ही प्रश्न सुटायला लागतात.

जुनी व्यवस्था म्हणजे आयपीव्ही-४. तिचं मानक सप्टेंबर १९८१ चं. १ जानेवारी १९८३ या एकाच दिवशी अमेरिकेतल्या अर्पानेटने जुनी पद्धत सोडून ती स्वीकारली. तेव्हा त्या जाळ्यावर काहीशे संगणक होते, म्हणून एका दिवसात बदल करणं जमलं. पत्ता ३२ बिटांचा ठेवल्यामुळे एकूण पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. काहीशे यंत्रांसाठी हा आकडा अफाट वाटणं साहजिक होतं. या व्यवस्थेचे एक शिल्पकार व्हिंट सर्फ यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे की ३२ बिटांचा निर्णय त्यांनी एका प्रयोगापुरता घेतला होता, पण प्रयोगच पुढे खरं इंटरनेट होऊन बसला. नव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा आहे. त्यातून होणारे पत्ते लिहायचे तर ३४ वर ३७ शून्यं द्यावी लागतात. (पाचव्या आवृत्तीचं काय झालं, असं पुष्कळजण विचारतात. तो क्रमांक एका प्रायोगिक पद्धतीला आधीच देऊन झाला होता, एवढंच.)

पत्ते संपणार हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कळून चुकलं होतं. त्यावर दोन इलाज निघाले. एक कायमचा, म्हणजे आयपीव्ही-६. दुसरा तात्पुरता, आणि तो आधी हाती आला. १९९४ च्या मे महिन्यात ‘नॅट’ या युक्तीचा आराखडा प्रसिद्ध झाला. घरातल्या वा कचेरीतल्या सगळ्या यंत्रांना आपापसात खासगी क्रमांक द्यायचे आणि बाहेरच्या जगाशी एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बोलायचं. ज्यांनी १९८० च्या दशकातले दिवस पाहिले आहेत त्यांना पी.पी. नंबर आठवेल. गल्लीत एकाच घरी फोन, आणि सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर. तुम्हाला बाहेर फोन लावायचा तर अडचण नाही, पण बाहेरून तुमच्यासाठी फोन आला तर कोणीतरी हाक मारून बोलवायला हवं. नॅटही नेमकं असंच चालतं. आतून बाहेर जाणं सोपं, बाहेरून थेट आत येणं जवळजवळ अशक्य.

या तात्पुरत्या इलाजानेच कायमच्या इलाजाची निकड घालवली. वेबसाइट पाहणं, मेल वाचणं, व्हिडिओ बघणं यांत माणूस आतून बाहेर मागणी करतो, त्यामुळे नॅटवर भागत गेलं. पुढे सेवा कंपन्यांनी एका घरापुरती असलेली ही युक्ती गावच्या गाव एका पत्त्यामागे बसवण्यासाठी वापरायला सुरुवात केली. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा एक खास पट्टा राखून ठेवण्यात आला. आपल्या घरच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुमच्याबरोबर आणखी कित्येक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यावर नांदत आहेत असं समजायला हरकत नाही.

पत्त्यांची मूळ वाटणी कशी झाली हेही पाहिलं पाहिजे, कारण उशीर सगळ्यांना सारखा सोसावा लागलेला नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या एका शिक्षणसंस्थेकडे सुरुवातीपासून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते होते. भारताच्या दूरसंचार विभागाने २०१३ मध्ये जो आराखडा काढला, त्यात देशाकडे साडेतीन कोटी पत्ते आणि डेटा वापरणारे ३६ कोटी लोक असल्याचं नोंदवलं आहे. एका विद्यापीठाकडे अख्ख्या देशाच्या जवळजवळ निम्मे पत्ते! एमआयटीने २०१७ मध्ये आपल्याकडच्यांपैकी सुमारे ८० लाख पत्ते विकायला काढले आणि अ‍ॅमेझॉनने ते घेतले. त्याआधी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेलकडून ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले होते, म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. २०२१-२२ च्या सुमारास हाच भाव पन्नास डॉलरपर्यंत चढला, नंतर उतरला. फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा प्रत्येक सार्वजनिक जुन्या पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट आकारते. वर्षाला ते साधारण ४४ डॉलर होतात. जे पत्ते पहिल्या पिढीला फुकट मिळाले, त्यांचं भाडं आता शेवटी आलेले भरतात.

जगाची मध्यवर्ती कोठी ३ फेब्रुवारी २०११ ला रिकामी झाली. आशिया-प्रशांत विभागाचं वाटप पाहणारी एपनिक ही संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या राखीव साठ्यावर आली. २०१९ पासून तिथे नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ जुने पत्ते मिळतात. भारतात हे वाटप २०१२ पासून इरिन ही संस्था करते, पण साठा तोच. आता नंदुरबार किंवा शहाद्यात आज नव्याने इंटरनेट पुरवण्याचा धंदा सुरू करणाऱ्या तरुणाचा विचार करा. त्याच्या हाती ५१२ पत्ते. ग्राहक तीन हजार झाले की एका पत्त्यामागे सहा घरं बसवायची, दहा हजार झाले की वीस. खासगी आणि सार्वजनिक पत्त्यांच्या भाषांतरासाठी महागडं यंत्र घ्यायचं, त्याच्या नोंदी सांभाळायच्या. आयपीव्ही-६ मध्ये अशाच छोट्या सेवादाराला साधारणपणे जो एक ठोकळा मिळतो, त्यातून घरगुती जाळी पाडायची म्हटली तर त्यांची संख्या जुन्या इंटरनेटच्या एकूण पत्त्यांएवढी भरते. एकीकडे अशी चणचण आणि दुसरीकडे अशी रेलचेल असूनही तो जुन्याच मार्गाने जातो. तो आळशी किंवा अडाणी आहे असं म्हणून चालणार नाही. त्याची कारणं खरी आहेत.

सगळ्यांत मोठं कारण मूळ रचनेत आहे. नवी आवृत्ती जुनीशी थेट बोलू शकत नाही. ज्याच्याकडे फक्त नवा पत्ता आहे त्याला फक्त जुना पत्ता असलेली वेबसाइट उघडता येत नाही, मधे भाषांतर करणारं यंत्र लागतं. त्यामुळे नवा पत्ता घेतला म्हणून जुना सोडता येत नाही, दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. दुप्पट काम, दुप्पट बिघाड, दुप्पट प्रशिक्षण. आणि बदल्यात ग्राहकाला पडद्यावर वेगळं काय दिसतं? काहीच नाही. यूट्यूब तसंच चालतं, व्हॉट्सअ‍ॅप तसंच येतं. ज्या सुधारणेचा फायदा सगळ्यांनी मिळून ती केल्यावरच होतो, तिच्यात पहिला पैसा घालायला कोणी तयार होत नाही. पहिल्याने खर्च करायचा आणि वाट पाहणाऱ्याने बचत करायची, असा हा उलटा व्यवहार.

त्यात भर पडली भीतीची. २०११ पर्यंत मोठ्या कंपन्यांना वाटायचं की नवा पत्ता जाहीर केला तर काही ग्राहकांची पानं उघडणारच नाहीत. म्हणून ८ जून २०११ ला गूगल, फेसबुक, याहू यांनी मिळून एक दिवस चाचणी घेतली. आभाळ कोसळलं नाही. पुढच्या वर्षी ६ जून २०१२ ला ते कायमचं सुरू झालं. तेव्हा जगातलं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. याच सुमारास ब्राउझरनी एक शहाणी सोय केली. दोन्ही पत्ते असतील तर दोन्हींवर प्रयत्न करायचा, जो आधी उत्तर देईल तो धरायचा. लोकांची अडचण टळली, हे चांगलंच झालं. पण त्यामुळे नव्या बाजूचा बिघाडही लपला आणि तक्रारीअभावी तो महिनोन् महिने तसाच पडून राहू लागला.

आपल्या सरकारला हा प्रश्न उशिरा कळला, असं मात्र मुळीच नाही. दूरसंचार नियामक ट्रायने जानेवारी २००६ मध्येच शिफारशी दिल्या होत्या. दूरसंचार विभागाचा पहिला राष्ट्रीय आराखडा जुलै २०१० चा. मोठ्या सेवा कंपन्यांनी डिसेंबर २०११ पर्यंत आणि केंद्र-राज्यांच्या खात्यांनी मार्च २०१२ पर्यंत सुरुवात करावी असं त्यात म्हटलं होतं. दुसरा आराखडा मार्च २०१३ चा. त्यात तारेवरच्या नव्या जोडण्यांसाठी जून २०१४ ची आणि सरकारी संस्थांच्या संपूर्ण स्थलांतरासाठी डिसेंबर २०१७ ची मुदत होती. मग नोव्हेंबर २०२१ चं पत्र आलं. सरकारी संस्थांसाठी जून २०२२, नव्या तारजोडण्यांसाठी डिसेंबर २०२२. कागदावर आपण जगातल्या बहुतेक देशांच्या आधी जागे होतो. पण मुदत उलटली म्हणून कोणाचा परवाना अडला नाही, कोणाचं बिल थांबलं नाही. मुदतीला परिणाम जोडलेला नसेल तर ती नुसती तारीख राहते, आणि तारखा पुढे ढकलता येतात.

नंदुरबार जिल्ह्यातलीच एक गोष्ट इथे शेजारी ठेवावीशी वाटते. पहिला आराखडा आला जुलै २०१० मध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०१० ला, शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. दोन्ही योजना क्रमांकांच्याच. एप्रिल २०१६ मध्ये आधारने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. त्यावेळी भारतात आयपीव्ही-६ अजून चाचपडत होतं. आधारच्या मागे एक संस्था होती, एक यंत्रणा होती, आणि रेशनपासून गॅसपर्यंत सगळं त्याला जोडलं गेल्यामुळे तो क्रमांक घेतल्यावाचून लोकांना गत्यंतर उरलं नाही. आधारच्या त्या सक्तीने गरिबांना किती त्रास झाला हे याच जिल्ह्याने पाहिलं आहे, तेव्हा त्याचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. सामान्य माणसावर सक्ती करायला आपली व्यवस्था कचरत नाही. सेवा कंपन्या आणि स्वतःची खाती यांच्याबाबतीत मात्र ती विनंतीवर भागवते.

भारताचा आकडा वर गेला तो सरकारी मुदतींनी नव्हे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. त्यांनी जुनं टूजी, थ्रीजी उभारलंच नव्हतं. सगळं जाळं फोरजीचं, त्यामुळे फोनवरचं बोलणंसुद्धा डेटामधूनच जाणार. म्हणजे प्रत्येक फोनला चोवीस तास पत्ता हवा. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी १० कोटी ग्राहक झाल्याचं जाहीर केलं. सगळ्या देशाकडे जेमतेम साडेतीन-चार कोटी जुने पत्ते असताना हे जाळं जुन्या पद्धतीवर उभं राहणं शक्यच नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवसापासून नवे पत्ते वापरले, आणि जुन्याच वेबसाइटकडे जायचं असेल तिथे भाषांतराची यंत्रं बसवली. टॉवर नवे, फोन नवे, परंपरा काहीच नाही. मागून एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनाही यावं लागलं. या एका उडीमुळे भारत दोन-तीन वर्षांत तळातून जगाच्या पहिल्या रांगेत गेला. बदल कोणी समजावून सांगितल्यामुळे झाला नाही. एका मोठ्या कंपनीला जुन्या वाटेने जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून झाला.

तारेच्या इंटरनेटचं तसं नाही. तिथे शेकडो लहान सेवादार आहेत, दहा-दहा वर्षांचे राउटर आहेत, स्वस्तात स्वस्त मोडेम आहेत. मोडेमच्या खोक्यावर आयपीव्ही-६ लिहिलेलं असतं, पण आत ती सोय बंद करून दिलेली असते. ग्राहकाने विचारलं तर कस्टमर केअरवरच्या मुलीला प्रश्नच कळत नाही, कारण तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

याचा परिणाम कुठे दिसतो ते नंदुरबारच्या मिरची पथारीवर पाहावं. हंगामात उघड्या मैदानावर लाखो रुपयांची मिरची वाळत पडलेली असते, म्हणून व्यापारी कॅमेरे लावतात. घरून मोबाइलवर ते पाहायचे असतील तर सरळ मार्ग असा की कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पत्ता गाठायचा. पण तो पत्ता नॅटच्या मागे, बाहेरून दिसतच नाही. मग दोन वाटा उरतात. सेवादाराकडून दरवर्षी जादा पैसे भरून ‘स्टॅटिक आयपी’ घ्यायचा, किंवा खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चित्र मागवायचं. बहुतेकजण दुसरी वाट धरतात. त्यामुळे रनाळ्याच्या शिवारातलं चित्र रनाळ्यातल्याच घरात येताना कुठल्यातरी दूरच्या, बऱ्याचदा परदेशी कंपनीच्या यंत्रातून फिरून येतं. आपल्याच शेतावर, विहिरीवर, गोदामावर आपली नजर हवी तर परक्याचा दरवाजा वापरायचा. नव्या पत्त्यांनी ही गरज संपते. थेट पत्ता म्हणजे उघडं दार, नॅटमुळे निदान सुरक्षितता तरी मिळते, असं काहीजण म्हणतात. हा गैरसमज आहे. राखण करते ती फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारी व्यवस्था, आणि ती नव्या पत्त्यांवरही तेवढीच नीट चालते. राउटर विकणाऱ्याने ती चालू करून दिली पाहिजे, ही अट योग्यच.

याहून गंभीर बाजू पोलिसांच्या कामाची. २००७ साली पुणे पोलिसांनी शिवाजी महाराजांविषयीच्या ऑर्कुटवरील आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकरणात बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. आधार होता आयपी पत्त्याचा. सेवा कंपनीने त्या पत्त्यावरून दिलेली ग्राहकाची माहिती चुकीची निघाली, पण तोवर त्याने पन्नास दिवस तुरुंगात काढले होते. ती चूक नॅटची नव्हती, पण पत्त्यावरून माणूस ठरवण्यात किती धोका आहे हे तिने दाखवलं. आता एकाच पत्त्यामागे एकाच क्षणी शेकडो ग्राहक असतात. नेमका माणूस शोधायचा तर पत्त्याबरोबर सेकंदापर्यंतची वेळ आणि ‘पोर्ट’ क्रमांकही लागतो, आणि पुष्कळ वेबसाइट तो नोंदवतच नाहीत. युरोपच्या पोलीस यंत्रणेने, युरोपोलने, २०१७ मध्ये याच कारणासाठी नॅटविरुद्ध जाहीर आवाज उठवला. गुन्हेगार सुटणं आणि निरपराध अडकणं, दोन्ही शक्यता या एकाच दुखण्यातून निघतात. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेल्या माणसाची तक्रार सायबर पोलिसांकडे का अडून राहते, याची अनेक कारणं असतील. त्यातलं एक हे आहे.

या सगळ्यावर एक विचार करायला लावणारा आक्षेप आहे. एपनिकचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ जेफ ह्यूस्टन अलीकडे असं मांडतात की पत्त्यांचं महत्त्वच आता कमी झालं आहे. आपण मागतो तो व्हिडिओ जवळच्या शहरातल्या साठ्यातून येतो, एका पत्त्यावर हजारो वेबसाइट राहतात, ओळख पटते ती नावाने. तेव्हा स्थलांतर पूर्ण होण्याची घाई बाजाराला नाही आणि कदाचित कधी होणारही नाही. निदान म्हणून हे मला पटतं. पण त्यात एक गृहीत आहे की माणूस फक्त घेणारा आहे, मोठ्या कंपनीच्या साठ्यातून येईल ते पाहणारा. रनाळ्याच्या शाळेला स्वतःचा लहानसा सर्व्हर चालवायचा असेल, बचत गटाला आपल्या मालाचं दुकान स्वतःच्या यंत्रावर मांडायचं असेल, पाणीपुरवठ्याच्या टाकीवरचा संवेदक थेट ग्रामपंचायतीला आकडे देणार असेल, तर पत्ता लागतोच. पत्त्यावाचून भागतं ते फक्त ग्राहकाचं, आणि गावांनी कायम ग्राहकच राहावं हे मला मान्य नाही.

इतर देशांनी काय केलं ते थोडक्यात पाहता येतं. चीनने नोव्हेंबर २०१७ मध्ये पक्ष आणि शासनाच्या पातळीवरून कार्ययोजना लादली. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने २०२० मध्ये आपल्या खात्यांना २०२५ पर्यंत ८० टक्के यंत्रणा फक्त नव्या पत्त्यांवर नेण्याचा आदेश दिला. झेक सरकारने तर ६ जून २०३२ ही तारीखच ठरवली आहे, त्यानंतर सरकारी सेवा जुन्या पत्त्यांवर मिळणार नाहीत. मला सर्वांत परिणामकारक वाटतं ते मात्र अ‍ॅपलचं पाऊल. १ जून २०१६ पासून, फक्त आयपीव्ही-६ असलेल्या जाळ्यावर जे अ‍ॅप चालत नाही ते त्यांच्या दुकानात घेतलंच जाणार नाही, एवढीच अट. जगभरच्या प्रोग्रॅमरांनी निमूटपणे आपली अ‍ॅप दुरुस्त केली.

अशी अट घालण्याची संधी आपल्यापुढे आत्ता आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. गावोगाव फायबर, पुढे घरोघर जोडणी. जिओला जी सोय टॉवरच्या बाबतीत होती, कोऱ्या पाटीवर सुरुवात करण्याची, ती तारेच्या बाबतीत गावांना आता मिळते आहे. या जाळ्यातली प्रत्येक घरजोडणी पहिल्या दिवसापासून नव्या पत्त्यावर चालू असली तरच ठेकेदाराचं बिल निघेल, असं निविदेत एक कलम हवं. चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती ग्रामसेवकालाही करता येते. राज्य सरकारने आपल्या सगळ्या सेवांच्या वेबसाइटची अशीच तपासणी करून खातेनिहाय यादी जाहीर करावी. सातबारा काढणारा आणि ई-पीक पाहणी नोंदवणारा शेतकरी नव्या पत्त्यावरून येत असेल, तर सरकारनेही त्याला त्याच पत्त्यावर भेटलं पाहिजे.

आणि वाचकांना एक सांगणं. घरी, शाळेत, पतपेढीत किंवा ग्रामपंचायतीत नवं इंटरनेट घेताना अर्जावर एक ओळ आपल्या हाताने लिहा: “या जोडणीवर आयपीव्ही-६ चालू करून द्यावे.” जोडणी झाल्यावर ते चालू आहे का, हे फोनवर तपासूनच पैसे द्या.